ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत बिझनेस शिकायला मुलाला पाठवू का? भोसरीतल्या एका वडिलांचा प्रश्न



मागच्या महिन्यात एक फोन आला. भोसरीत गाळा, चार व्हीएमसी मशीन, सहा माणसं, चाकणच्या दोन टियर-टू कंपन्यांचं जॉबवर्क. म्हणजे आपल्या चॅनेलचा अगदी नेहमीचा प्रेक्षक. म्हणाले, "सर, पोरगा बारावी झाला. म्हणतो बीबीए करायचं. आणि ते पण कुठं, तर औंध रोडच्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत. पाठवू का?"

मी विचारलं, "दादा, नक्की भीती कशाची वाटते?"

थोडा वेळ गप्प बसले. मग तीन गोष्टी बोलले. एक, तिथं धर्माचं काही गळ्यात मारतील का. दोन, तीन वर्षांत जेवढे पैसे जातील तेवढ्यात पाचव्या मशीनचं डाउन पेमेंट होतं. आणि तिसरी गोष्ट हळू आवाजात बोलले: "शिकून आला आणि म्हणाला की मी गाळ्यावर बसणार नाही, तर?"

हा तिसरा प्रश्न खरा. पहिल्या दोनांना उत्तरं आहेत. तिसऱ्यालाही थोडंफार आहे, पण ते कॉलेजकडे नाही. ते शेवटी बघू.

आधी हे बघू की अशा संस्था आहेत तरी कुठे

औंध रोडवर, खडकी-बोपोडीच्या जवळ जी आहे ती स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट युनिव्हर्सिटी. दापोडीचा पूल ओलांडला की आलीच. पुणेकर हिला "स्पायसर कॉलेज" म्हणूनच ओळखतात, आणि खरं सांगायचं तर बरेच जण ब्रेडमुळे ओळखतात. त्या ब्रेडवर मी पुढे येतो, कारण आपल्यासाठी त्यात धडा आहे.

ही संस्था १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झाली. मग बंगळूरजवळ कृष्णराजपुरमला गेली आणि १९४२ मध्ये पुण्यात आली. मधल्या काळात, १९३७ मध्ये, तिला विल्यम स्पायसर यांचं नाव मिळालं. हे गृहस्थ अमेरिकन मिशनरी, तरुणपणी कलकत्त्यात काम केलेले आणि पुढे जगभरच्या अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चचे अध्यक्ष झालेले. २०१४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायदा करून कॉलेजला खासगी विद्यापीठाचा दर्जा दिला. बीबीए, एमबीएसारखे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम हे तिथल्या शिक्षणाचा एक भाग.

दुसरी मुळशी तालुक्यात, लवासाला. बंगळूरच्या क्राइस्ट युनिव्हर्सिटीचा पुणे-लवासा कॅम्पस. ही कॅथलिक, सीएमआय नावाच्या केरळी धर्मसंघाची संस्था. मूळ क्राइस्ट कॉलेज १९६९ चं, अभिमत विद्यापीठाचा दर्जा २००८ चा. या धर्मसंघाचे एक संस्थापक कुरियाकोस एलियास चावरा यांनी एकोणिसाव्या शतकात केरळात प्रत्येक चर्चला लागून शाळा काढा असा आग्रह धरला होता. लवासाच्या कॅम्पसचा जोर डेटा आणि अ‍ॅनालिटिक्सवर आहे. पण चिंचवडहून रोज जाऊन-येऊन करायची ही जागा नाही. म्हणजे हॉस्टेलचा खर्च धरूनच चाला.

मग गोव्यात साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, १९९३ ची. ती काढली फादर रोम्युअल्ड डिसोझा या जेझुइट धर्मगुरूंनी. ते आधी जमशेदपूरच्या एक्सएलआरआयचे संचालक होते आणि भुवनेश्वरची झेवियर संस्थाही त्यांनीच उभी केली. एका माणसाने एवढ्या मॅनेजमेंट संस्था चालवल्या किंवा उभ्या केल्या, आणि तो माणूस धर्मगुरू. आपल्याकडे ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे.

आणि नगरकडच्या मित्रांना (चाकणच्या लाइनवर नगरची पोरं किती आहेत ते मला सांगायला नको) अहमदनगर कॉलेज माहीत असेलच. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती शिक्षकाने काढलेलं. त्याच सोसायटीची एमबीए शिकवणारी संस्थाही तिथे आहे. ते विद्यापीठ नाही, पुणे विद्यापीठाशी जोडलेलं आहे. पण "ख्रिश्चन संस्था म्हणजे बाहेरच्यांची" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे नाव लक्षात ठेवा.

मिशनरी आणि धंदा, हा संबंध नवा नाही

कोकणात किंवा घाटाखाली आजोळ असेल तर आजोबांच्या घरावरची मंगळुरी कौलं आठवा. ती कौलं कारखान्यात बनवायला सुरुवात केली बासेल मिशनने, मंगळूरला, १८६५ मध्ये. जर्मन-स्विस मिशनरी. धर्म बदललेल्या माणसाला गावाने कामावरून काढलं तर त्याने खायचं काय, या प्रश्नातून त्यांनी विणकामाचे माग टाकले, कौलांच्या भट्ट्या टाकल्या. दर्जा एवढा पक्का ठेवला की त्या कौलाचं नावच प्रसिद्ध झालं. नंतर स्थानिक लोकांनी तेच तंत्र उचलून आपापले कारखाने काढले. वेंडर डेव्हलपमेंट म्हणा हवं तर!

अ‍ॅडव्हेंटिस्ट लोकांची गोष्ट याहून मजेची आहे. हा पंथ आरोग्याला फार मानतो. दारू नाही, तंबाखू नाही, बरेच जण मांसही खात नाहीत. अमेरिकेत बॅटल क्रीक गावी त्यांचा एक मोठा आरोग्याश्रम होता. तिथले डॉक्टर जॉन हार्वी केलॉग रुग्णांना धान्याचे, शेंगदाण्याचे पदार्थ करून द्यायचे. कॉर्नफ्लेक्स तिथून आले. डॉक्टरांनी कधी मोठा धंदा केला नाही. धंदा केला त्यांच्या धाकट्या भावाने, विल कीथने, १९०६ मध्ये वेगळी कंपनी काढून. पुढे भावाभावांत कोर्टकचेरी झाली. रेसिपी एकाची, मार्केटिंग दुसऱ्याचं, आणि नावावरून भांडण. आपल्या भागीदारीच्या गाळ्यांची हीच कथा, फक्त तिथं डॉलरमध्ये.

आता स्पायसरचा ब्रेड. कॅम्पसची स्वतःची बेकरी आहे. पुण्यात ब्राऊन ब्रेड आणि पीनट बटर ही फॅशन होण्याच्या कितीतरी आधीपासून लोक ते स्पायसरहून आणायचे. हे प्रॉडक्ट कुठल्या मार्केट सर्व्हेतून आलं नाही. आपल्या माणसांनी काय खावं हे त्यांनी आधी ठरवलं, स्वतःसाठी बनवलं, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाने ते शोधत येऊन घेतलं. शिवाय या पंथाच्या शिक्षणात एक जुना आग्रह आहे की विद्यार्थ्याने पुस्तकाबरोबर हातानेही काम करावं. म्हणून शिकता शिकता कॅम्पसवर काम करून फीचा काही भाग फेडायची परंपरा अशा संस्थांत जगभर आहे. मला ही गोष्ट फार पटते. जो पोरगा पहाटे भट्टीसमोर उभा राहिलाय त्याला "कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड" हा धडा समजावून सांगावा लागत नाही. उरलेला ब्रेड म्हणजे तोटा, हे त्याने डोळ्याने बघितलेलं असतं.

पहिली भीती: धर्माचं काय?

सरळ बोलतो, कारण हा प्रश्न लोक खासगीत विचारतात आणि समोर गप्प बसतात.

राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. म्हणून अशा संस्थांत काही जागा त्या त्या समाजासाठी ठेवलेल्या असू शकतात आणि बाकीच्या सगळ्यांना खुल्या असतात. आणि कलम २८, त्यातला तिसरा भाग, सांगतो की सरकारने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा प्रार्थनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल तर पालकांची संमती लागते. अर्धी दुनिया कॉन्व्हेंटमध्ये शिकून आली, दिवाळीही करते आणि आषाढीला देहू-आळंदीलाही जाते.

पण "काहीच फरक नसतो" असंही मी म्हणणार नाही. फरक असतो आणि तो आधी माहीत असावा. अ‍ॅडव्हेंटिस्ट संस्थेत शुक्रवारी सूर्यास्त ते शनिवारी सूर्यास्त हा विश्रांतीचा दिवस. त्या वेळात वर्ग नाहीत, कामधंदा नाही. जेवण शाकाहारी, आणि कॅम्पसवर सिगारेट-दारूला जागा नाही. हॉस्टेलला राहिलात तर तिथली शिस्त पाळावी लागते. मूल्यशिक्षणाचा एखादा विषय अभ्यासक्रमात असू शकतो. तो धार्मिक आहे की सर्वसाधारण नीतिशास्त्राचा, सक्तीचा आहे की ऐच्छिक, हे प्रवेशाच्या टेबलावर विचारा. संकोच नको. चांगली संस्था सरळ उत्तर देते.

त्या दादांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दारू नाही, तंबाखू नाही, शाकाहारी... सर, हे तर आमच्या माळकऱ्यांसारखंच झालं." मी म्हटलं, तसं बघा!

मग बिझनेसच्या शिक्षणात ख्रिश्चन काय असतं?

डेबिट-क्रेडिटला धर्म नसतो. ताळेबंद सगळीकडे सारखाच जुळतो. फरक दोन ठिकाणी दिसतो: कामगाराकडे कसं बघायचं, आणि पैशाकडे कसं बघायचं.

कामगाराचं उदाहरण एक्सएलआरआयचं देतो. या नावातलं एल आणि आर म्हणजे लेबर रिलेशन्स. १९४९ मध्ये जमशेदपूरला फादर क्विन एनराइट यांनी ती सुरू केली. पोलादाचं गाव, एका बाजूला व्यवस्थापन आणि दुसऱ्या बाजूला युनियन. दोघांनाही शिकवलं पाहिजे, ही कल्पना. म्हणजे देशातल्या एका नामांकित बिझनेस स्कूलच्या नावातच पहिल्यापासून कामगार आहे, शेअर बाजार नाही. आजही मनुष्यबळ व्यवस्थापनासाठी या संस्थेचं नाव पहिल्या काहींत घेतलं जातं.

आपल्या पट्ट्यात याचा काय संबंध? २०१३ आठवा. बजाजच्या चाकण कारखान्यात जूनच्या शेवटी काम थांबलं ते ऑगस्टपर्यंत, साधारण ५० दिवस. कामगारांच्या मागण्यांत कंपनीचे शेअर सवलतीत द्या ही पण एक मागणी होती. कोण बरोबर, कोण चूक, तो वाद मी इथे करत नाही. पण मोठ्या कारखान्याची लाइन थांबली की भोसरी, तळवडे, कुदळवाडीतल्या गाळ्यांची चूल थंड होते. आणि लहान गाळ्यात संप होत नाही, तिथे वेगळंच होतं: ऑपरेटर एक दिवस येत नाही. फोन बंद. दोन हजार रुपये जास्त देणाऱ्या शेजारच्या गाळ्यात गेलेला असतो. आपण म्हणतो "माणसं टिकत नाहीत". का टिकत नाहीत, हा अभ्यासाचा विषय आहे आणि त्यावर पुस्तकं आहेत, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं.

पैशाकडे बघायची त्यांची कल्पना "कारभारी" या शब्दाजवळ जाते. मालमत्ता तुझी नाही, तू ती सांभाळणारा आहेस, हिशेब द्यावा लागणार आहे. आपल्याकडे गांधीजींचा विश्वस्ताचा विचार आहे, तो याच्या अगदी शेजारचा. ऐकायला कीर्तन वाटतं. पण गल्ल्यातले पैसे आणि घरातले पैसे वेगळे ठेवायला जो शिकला तो निम्मं अकाउंट्स शिकला. आणि आपल्यातले दहातले आठ जण ते वेगळे ठेवत नाहीत. हा माझा अंदाज आहे, सर्व्हे नाही.

एक फुकट गोष्ट सांगतो. एक्सएलआरआय जी प्रवेश परीक्षा घेतं, झॅट, तिच्यात "डिसिजन मेकिंग" नावाचा वेगळा विभाग असतो. गणित नाही, व्याकरण नाही. प्रसंग देतात आणि विचारतात, तुम्ही काय कराल. आपल्या भाषेत असा एखादा प्रसंग बघा: तुमचा ३००० पीसचा लॉट उद्या सकाळी चाकणला पोचायचा आहे. रात्री कळतं की ४० पीसचं बोअर मापाबाहेर गेलंय. तिकडची इन्स्पेक्शन सॅम्पलवर होते, बहुतेक सापडणार नाही. पाठवाल, फोन कराल, की रात्रभर वेचत बसाल? असे प्रश्न सोडवायला एमबीए लागत नाही. जुने पेपर काढा आणि संध्याकाळी आपल्या ऑपरेटरबरोबर बसून सोडवा. गोवा इन्स्टिट्यूटमध्ये तर "गिव्ह गोवा" नावाखाली विद्यार्थ्यांना सामाजिक संस्थांबरोबर काम करायला पाठवतात. पैसा कमी, माणसं स्वयंसेवक, तरी काम उभं करायचं. लहान उद्योजकाचं रोजचं आयुष्य याच्यापेक्षा फार वेगळं नसतं.

दुसरी भीती: पैसे वाया जातील का?

इथे जरा थांबा आणि कॅल्क्युलेटर घ्या. मी त्या दादांना विचारलं, "तुमचा व्हीएमसीचा तासाचा रेट किती?" म्हणाले, "साडेपाचशे. मार्केट रेट तोच आहे." "आणि तुम्हाला पडतो किती?" "पाचशेच्या आसपास. पन्नास सुटतात."

मग आम्ही फोनवरच एका मशीनचा वर्षाचा हिशेब मांडला. आकडे त्यांचे, जरा गोल केलेले.

मशीन २८ लाखांचं, आयुष्य ८ वर्षं धरलं, तर वर्षाचा घसारा ३,५०,०००. कर्जाचं व्याज १,८०,०००. गाळ्याच्या भाड्यातला त्या मशीनचा वाटा महिना १०,००० म्हणजे १,२०,०००. वीज महिना १२,००० म्हणजे १,४४,०००. ऑपरेटर २२,००० च्या हिशेबाने २,६४,०००. टूल्स, कूलंट, दुरुस्ती १,४२,०००. एकूण १२,००,०००.

वर्षाचे दिवस ३००, रोज ८ तास, म्हणजे २,४०० तास. १२ लाख भागिले २,४०० बरोबर ५००. दादांचा पाचशेचा आकडा इथून आला होता. बरोबर आहे ना?

नाही. कारण मशीन २,४०० तास चिप काढत नाही. सेटिंग, प्रोग्रॅम, पहिल्या पीसचं अप्रूव्हल, लाइट जाणं, मटेरियलची वाट बघणं. ७० टक्के धरले तरी १,६८० तास. १२ लाख भागिले १,६८० म्हणजे ७१४ रुपये. विकतोय ५५० ला. तासाला १६४ रुपये खिशातून जातात. वर्षाला पावणेतीन लाख, एका मशीनवर. आणि यात मालकाचा स्वतःचा पगार धरलेलाच नाही.

फोनवर शांतता. मग म्हणाले, "मग मी जिवंत कसा आहे सर?"

जिवंत आहेत कारण घसारा हा खर्च खिशातून रोज जात नाही, तो आठ वर्षांनी एकदम समोर येतो, नवीन मशीन घ्यायच्या दिवशी. याचा अर्थ ५५० चं काम लगेच नाकारा असा नाही, हे पण ऐका. मशीन रिकामंच उभं असेल तर वीज आणि टूल्सचे मिळून तासाला साधारण १७० रुपयेच नव्याने लागतात, बाकीचा खर्च तसाही होणारच आहे. त्या महिन्यात ५५० चं कामही घ्यावं. पण बारा महिने त्याच रेटवर बसून राहिलो तर आपण हळूहळू मशीनच विकून खातोय. कधी घ्यायचं आणि कधी सोडायचं हे ओळखणं, याला कॉलेजात मार्जिनल कॉस्टिंग म्हणतात. बीबीएच्या मुलाला हे शिकवतात. मी हे कोटेशन भरभरून, एका पार्टीचं दोन वर्षं काम करून आणि शेवटी गाळा विकून शिकलो. माझी फी कुठल्याही कॉलेजपेक्षा जास्त पडली.

तेव्हा पैसे वाया जातील का, याचं उत्तर डिग्रीत नाही. मुलगा घरी येऊन हा एक कागद मांडू शकला तर एका मशीनच्या वर्षभराच्या गळतीत फीचा बराच भाग निघतो. नाही मांडू शकला तर एमबीए करूनही उपयोग नाही.

आणि उलटी बाजू. ज्यांचं वय तीस-पस्तीस आहे, घर चालवायचंय, कंपनीत क्वालिटीला किंवा स्टोअरला आहात आणि स्वतःचं काही काढायचंय, त्यांनी दोन-तीन वर्षांच्या पूर्णवेळ कोर्सच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कर्जासाठीसुद्धा डिग्री लागत नाही. पीएमईजीपी योजनेत उत्पादनाच्या धंद्याला ५० लाखांपर्यंतचा आणि सेवा धंद्याला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. १० लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पाला आणि ५ लाखांवरच्या सेवा प्रकल्पाला शिक्षणाची अट आठवी पासची आहे. हो, आठवी! त्यात उद्योजकता प्रशिक्षण मात्र करावं लागतं, आणि ते मन लावून करा, सह्या करायला जाऊ नका. शिकायचंच असेल तर इग्नू आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी सांभाळून होतं.

पेमेंटचा मुद्दा पण याच शिक्षणात येतो म्हणून घाईत सांगतो, यावर वेगळा व्हिडिओ आहे. उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांच्या वर पैसे थकवता येत नाहीत, आणि करार नसेल तर मुदत १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आता तर आयकराचीही भीती आहे: सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. मोठ्या पार्टीशी भांडायला आपण घाबरतो ते वेगळं. पण कायदा माहीत असलेला वेंडर आणि नसलेला वेंडर, दोघांच्या बोलण्यात फरक पडतो.

प्रवेश घेण्याआधी कागद बघा

ख्रिश्चन असो, हिंदू ट्रस्टची असो, कुठलीही असो, नावावर जाऊ नका. यूजीसीच्या संकेतस्थळावर विद्यापीठांची यादी असते. राज्याच्या कायद्याने झालेलं खासगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, आणि पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. तुमची संस्था कुठल्या यादीत आहे आणि तुमचा अभ्यासक्रम यंदा मंजूर आहे का, हे स्वतः बघा. एजंटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विश्वास ठेवू नका. २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. विद्यापीठांची प्रवेशाची पद्धत यापेक्षा वेगळी असू शकते, म्हणून तिथेच लेखी विचारा. एक्सएलआरआय आणि गोवा इन्स्टिट्यूट डिग्री देत नाहीत, पदव्युत्तर डिप्लोमा देतात. त्याने त्यांची किंमत कमी होत नाही, पण फरक माहीत हवा.

कॅम्पस बघायला जाल तेव्हा इमारत कमी बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा आणि विचारा, इंटर्नशिपला कुठे गेलास आणि तिथं काय केलंस. "रिपोर्ट बनवला" असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न: कशाचा?

तिसरा प्रश्न

शिकून आला आणि गाळ्यावर बसला नाही, तर?

दादांना मी म्हटलं, तो आज तरी गाळ्यावर येतो का? म्हणाले, "नाही. मीच येऊ देत नाही. हात काळे होतील, अभ्यास बुडेल म्हणून." अठरा वर्षं ज्या मुलाला आपण गाळ्याच्या दारापासून लांब ठेवलं, त्याने बीबीए करून एकविसाव्या वर्षी एकदम आत यावं ही अपेक्षा आपली. दोष कॉलेजवर टाकायचा.

आणि इथं ती शनिवारची गोष्ट कामाला येते. आपल्या भोसरी-चाकणला सुट्टी गुरुवारची. स्पायसरला शनिवारी वर्ग नाहीत. हॉस्टेलला असेल तर त्यांचा विश्रांतीचा दिवस त्याने पाळावा, पण घरून ये-जा करणारा असेल तर शनिवारी कॉलेज बंद आणि गाळा चालू. तीन वर्षांत दीडशे शनिवार होतात. मी म्हटलं, त्याला मशीनवर उभं करू नका, हिशेबावर पण बसवू नका. एक वही द्या. प्रत्येक मशीन किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं आणि का थांबलं, एवढंच लिहायला सांगा. अ‍ॅडमिशन होईपर्यंत तर रोजच येऊ दे.

परवा त्यांचा परत फोन आला. प्रवेशाचं अजून चाललंय, दोन ठिकाणी फॉर्म भरलेत. पण वही सुरू झाली. तीन आठवडे झाले. पोराने काढलंय की तीन नंबरचं मशीन दिवसाला सरासरी ४ तास २० मिनिटंच चालतं, आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळ एका व्हर्नियरची वाट बघण्यात जातो, कारण चार मशीनला मिळून व्हर्नियर एकच आहे.

"सर," दादा म्हणाले, "मी सोळा वर्षं त्या गाळ्यात बसतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी तीन व्हर्नियर आणले.